तपासणीत सॉकेट नापास झालं, आता काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरमध्ये रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर भागातली जुनी घरं विकत घेताना हल्ली लोक वायरिंगही तपासून घेतात. सुपर कॉरिडॉर किंवा बायपासकडच्या नव्या फ्लॅटचा ताबा घेतानाही तेच. मग तपासणीचा कागद हातात येतो आणि त्यावर 'सात पॉईंट नापास' असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्यानंतर जे प्रश्न हमखास विचारले जातात, ते इथे घेतले आहेत. एक गोष्ट आधीच सांगायला हवी. टेस्टरचा दिवा बरोबर पेटवून दाखवणं वेगळं आणि दोष काढणं वेगळं. पहिलं काम पाच मिनिटांत होतं, म्हणून बाजारात तेच जास्त विकलं जातं.

पंखा चालतो, मोबाईल चार्ज होतो, तरी सॉकेट नापास कसं?

उपकरण चालायला दोनच तारा लागतात, फेज आणि न्यूट्रल. इथल्या वायरमनच्या भाषेत 'गरम' आणि 'ठंडा'. तिसरी, अर्थिंगची तार रोजच्या वापरात काहीच करत नाही. फ्रिजच्या किंवा वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर कधी फेज उतरली तर तिचं काम सुरू होतं. त्यामुळे ती नसली तरी वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. जुन्या घरांत सॉकेट नापास होण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे.

बाकीची कारणं अशी: फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले, न्यूट्रल तुटलेला, आतल्या पत्त्या ढिल्या किंवा जळालेल्या, सॉकेटच्या मानाने वायर बारीक, आणि आरसीसीबी (करंटची गळती ओळखून लाइन तोडणारा स्विच) नसणं किंवा असून न पडणं. तपासणीच्या कागदावर नुसतं 'नापास' लिहिलं असेल तर यातलं नेमकं कोणतं, ते लिहून मागा. कारण प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे, आणि सॉकेट बदलणं हा त्यातल्या फक्त एकाचा इलाज आहे.

तीन दिव्यांचा प्लग-टेस्टर कितपत भरवशाचा?

तुटलेली फेज, तुटलेला न्यूट्रल, तुटलेलं अर्थिंग आणि फेजची उलटी जोडणी, एवढं तो बऱ्यापैकी सांगतो. दिव्यांच्या जोड्यांचा अर्थ त्याच्या अंगावरच छापलेला असतो. घेताना भारतीय पिनांचा घ्या. चपट्या पिनांचा ॲडॉप्टर लावून वापरला तर मधला जोडच ढिला असतो आणि निकाल चुकतो.

त्याला न कळणाऱ्या गोष्टी जास्त महत्त्वाच्या आहेत. न्यूट्रल आणि अर्थिंगची अदलाबदल झाली असेल तर त्याला पत्ता लागत नाही. कुणी सॉकेटच्या मागे न्यूट्रलमधूनच एक तुकडा अर्थिंगच्या पेचाला जोडला असेल, तर तो छान 'बरोबर' दाखवतो. अर्थिंगचा खड्डा (ती तार जमिनीला जिथे जोडतात) सुकून कोरडा झाला असेल तरीही 'बरोबर'च. म्हणजे टेस्टर नापास म्हणाला तर विश्वास ठेवा, पास म्हणाला तर मीटर काढा.

जुना निऑनचा टेस्टर, म्हणजे दिवा असलेला पेचकस, फक्त फेज आहे का एवढंच सांगतो. न्यूट्रल आणि अर्थिंगबद्दल तो मुका आहे.

मल्टिमीटरने कसं तपासायचं आणि आकडे कसे वाचायचे?

मीटर एसी व्होल्टवर, ६०० किंवा ७५० च्या रेंजवर ठेवा. काळी वायर 'कॉम'मध्ये आणि लाल वायर व्होल्टच्या भोकात. लाल वायर चुकून १० अँपिअरच्या भोकात राहिली आणि प्रोब सॉकेटात घातले, तर तो थेट शॉर्ट होतो. मीटर जाळण्याचा आणि हात भाजण्याचा हा नेहमीचा प्रकार आहे. प्रोबची धातूची टोकं सोडून मागच्या प्लॅस्टिकलाच धरा.

सॉकेट समोरून पाहताना मोठं भोक, म्हणजे अर्थिंग, वर असतं. उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. सॉकेटचा स्विच चालू करून तीन मापं घ्यायची.

उजवं-डावं: २३० च्या आसपास. २१६ ते २४४ पर्यंत काळजी नको.
उजवं-वरचं: जवळजवळ तेवढंच.
डावं-वरचं: शून्य ते दोन-तीन व्होल्ट.

आता बिघाड ओळखू. पहिलं माप २३० पण दुसरं ४० ते १२० च्या मध्ये कुठेतरी तरंगतंय, तर अर्थिंगची तार तुटलेली किंवा मुळातच नाही. डिजिटल मीटर फार थोड्या करंटवर चालतो, म्हणून शेजारच्या फेजच्या तारेचा नुसता प्रभावही तो व्होल्ट म्हणून दाखवतो. पहिलं माप शून्य आणि दुसरं २३०, तर न्यूट्रल तुटला. दुसरं जवळजवळ शून्य आणि तिसरं २३०, तर फेज-न्यूट्रल उलटे. तिन्ही शून्य, तर फेजच येत नाही. आणि पहिलं माप ३०० च्या पुढे गेलं तर तपासणी तिथेच थांबवा, मेन स्विच पाडा. खांबावरचा किंवा इमारतीच्या पॅनेलमधला न्यूट्रल सुटलेला असू शकतो, आणि तसं असेल तर घरातली उपकरणं काही मिनिटांत जातात.

शटर असलेल्या सॉकेटात प्रोब सहज जात नाहीत. डाव्या-उजव्या भोकांत दोन्ही एकदम सरळ दाबावे लागतात. पेचकसाने शटर उचकटू नका.

हेच माप लोड लावून घ्यायचं असं का सांगतात?

कारण रिकाम्या सॉकेटवर केसाएवढ्या तारेतूनही २३० व्होल्ट दिसतात. दोष करंट वाहू लागला की उघडा पडतो. २००० वॉटची इलेक्ट्रिक केटली १६ अँपिअरच्या सॉकेटवर लावा, साधारण ८.७ अँपिअर ओढेल. त्याच बोर्डवर शेजारी दुसरं सॉकेट असेल तर तिथे व्होल्ट मोजा, आणि लगेच डीबीवर, म्हणजे घराच्या मुख्य वीजवाटप पेटीवरही मोजा. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आणि डीबीपासून २० मीटर अंतर असेल, तर दोन्हींत अडीच-तीन व्होल्टचा फरक पडायला हवा. दीड चौरस मिलिमीटरच्या तारेत सव्वाचारच्या आसपास. फरक दहा-बारा व्होल्ट आला तर मध्ये कुठेतरी ढिला जोड आहे.

असा जोड केवळ अर्धा ओहमचा असला तरी ८.७ अँपिअरला त्यावर सुमारे ३८ वॉट उष्णता तयार होते. म्हणजे भिंतीत एक सोल्डरिंग आयर्न चालू ठेवून दार लावल्यासारखं. केटली पाच मिनिटं चालू ठेवा, मग बंद करून प्लगच्या पिना आणि सॉकेटचा चेहरा हाताला किती गरम लागतो ते पाहा. कोमट ठीक, हात मागे घ्यावासा वाटला तर नापास.

टेस्टर दोन्ही भोकांत पेटतो. दोन फेज आल्या का?

बहुतेक वेळा नाही. त्या लाइनवरचा न्यूट्रल मागे कुठेतरी तुटला आहे आणि त्याच लाइनवर एखादी ट्यूब, पंखा किंवा चार्जर चालू आहे. त्याच्यातून फेज पलीकडे जाऊन न्यूट्रलच्या तारेत उभी राहते. खात्री करायची असेल तर त्या लाइनवरची सगळी बटणं बंद करा आणि सगळे प्लग काढा. डाव्या भोकातला दिवा विझला तर निदान पक्कं. मीटरवर डावं-उजवं शून्याजवळ दिसेल, पण दोन्ही बाजू अर्थिंगच्या मानाने २३० दाखवतील.

यातला धोका असा की ज्याला सगळे 'ठंडा' समजून हात लावतात तोच गरम झालेला असतो.

तुटलेली जागा शोधताना आधी लूपिंगचा क्रम समजून घ्या. एका बोर्डवरून पुढच्या बोर्डवर तार गेलेली असते. शेवटचा चालू पॉईंट आणि पहिला बंद पॉईंट शोधा. दोष या दोघांपैकी एकाच्या मागे किंवा त्यांच्या मधल्या जंक्शनमध्ये असतो. सगळे बोर्ड उघडत बसायची गरज नाही.

फेज-न्यूट्रल उलटे असले तर काय बिघडतं? उपकरण तर चालतं.

स्विच फेजऐवजी न्यूट्रल तोडतो, एवढंच. पण तेवढ्याने स्विच बंद असतानाही सॉकेटात आणि उपकरणाच्या आत फेज उभी राहते. बटण बंद आहे म्हणून कुणी पाणी तापवायच्या रॉडच्या बादलीत हात घातला किंवा टोस्टरमध्ये सुरी घातली, तर काय होईल ते सांगायला नको.

एकच सॉकेट उलटं असेल तर त्याच्या मागच्या दोन तारा बदलल्या की झालं. घरातली सगळीच उलटी असतील तर एकेक सॉकेट उघडू नका. चूक डीबीत किंवा मीटरवरून येणाऱ्या मेन तारेत आहे. ती तशीच ठेवून सॉकेटं सरळ केली तर एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की पडणारे डीबीतले स्विच, मात्र न्यूट्रलवरच राहतात. म्हणजे एमसीबी पाडूनही लाइन जिवंत. रंगांवर विसंबू नका. नियमाप्रमाणे फेज लाल, पिवळी किंवा निळी, न्यूट्रल काळी आणि अर्थिंग हिरवी, पण जुन्या घरांत हाताला लागेल त्या कॉइलची तार ओढलेली असते.

अर्थिंगची तारच नाही. वायरमन म्हणतो न्यूट्रलमधून लूप देतो, टेस्टर पास होईल. देऊ द्यावं का?

नाही. या पानावरचं सगळ्यात ठाम उत्तर हेच.

तो तुकडा जोडला की फ्रिजचा पत्रा न्यूट्रलला बांधला जातो. पुढे कधी मागचा न्यूट्रल ढिला होऊन सुटला, आणि तो सुटतोच, की फ्रिजच्या आतून फेज त्या तुकड्यावाटे थेट पत्र्यावर येते. फ्रिज बंद पडलाय म्हणून घरातलं कुणीतरी दार उघडायला हात लावतं, नेमकं तेव्हा. अर्थिंग मुळीच नसण्यापेक्षा ही स्थिती वाईट, कारण आता दोष नसलेल्या उपकरणाचा पत्राही जिवंत होऊ शकतो.

आधीच्या कुणी असा लूप करून ठेवला असेल तर दोन खुणांवरून कळतं. २००० वॉटचा लोड चालू असतानाही न्यूट्रल-अर्थिंग माप अगदी ०.० राहिलं, तर संशय घ्या. खऱ्या अर्थिंगवर ते व्होल्ट-दोन व्होल्टने तरी हलतं. आणि घरात आरसीसीबी असेल, शिवाय त्या बोर्डला डीबीपासून अर्थिंगची तारही आलेली असेल, तर तिथे लोड लावताच तो पडतो. अशा वेळी लोक आरसीसीबी खराब म्हणून काढून टाकतात, आणि खरं सांगणारा एकमेव साक्षीदार घराबाहेर जातो. पक्की खात्री मात्र मेन बंद करून बोर्ड उघडल्यावरच.

नळाच्या पाइपला अर्थिंग जोडणंही चालणार नाही. जुने जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचे, पाइप मधेच कुठेतरी प्लॅस्टिकचे झालेले असतात. तुमच्या गीझरमधून गळलेला करंट शेजाऱ्याच्या नळाला.

मग अर्थिंग नसलेल्या घरात करायचं काय?

पाइपात जागा असेल तर डीबीपासून प्रत्येक बोर्डपर्यंत हिरवी तार ओढायची. तिची जाडी त्या सर्किटच्या फेजच्या तारेइतकी, म्हणजे ६ अँपिअरच्या पॉईंटला दीड, १६ च्या पॉईंटला अडीच, एसी-गीझरच्या स्वतंत्र लाइनला चार चौरस मिलिमीटर. ९० मीटरची कॉइल येते. दोन खोल्या-स्वयंपाकघराच्या घराला दीडची एक कॉइल सहसा पुरते, पण मोजूनच घ्या. पाइप गच्च असेल किंवा लाकडी पट्टीवरचं जुनं वायरिंग असेल, तर भिंत फोडण्यापेक्षा केसिंग-केपिंगमधून, म्हणजे झाकणाच्या प्लॅस्टिक पट्टीतून, बाहेरून न्या. दिसायला थोडं ओबडधोबड, पण पुढच्या वेळी तपासायला सोपं.

सगळं एकदम जमत नसेल तर क्रम असा ठेवा: गीझर, वॉशिंग मशीन, फ्रिज, पाण्याची मोटर, मिक्सर-ओव्हनचे पॉईंट, मग बाकीचे. आणि पहिल्याच दिवशी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. अर्थिंग नसलं तरी माणसाच्या अंगातून करंट जमिनीत गेला की तो लाइन तोडतो. झटका बसतो, पण सहसा जीव वाचतो. अर्थिंग असलं तर कुणी हात लावायच्या आधीच तोडतो.

घराबाहेर अर्थिंगचा खड्डा आहे. तो चांगला आहे हे कसं कळणार?

खड्डा आहे म्हणजे अर्थिंग आहे असं नाही. माळव्याची काळी माती पावसाळ्यात पाणी धरते आणि मार्च-एप्रिलनंतर भेगाळते. आकसताना ती पाइपपासून सुटते, मध्ये हवेची फट राहते आणि रोध चढतो. ऑगस्टमध्ये पास झालेलं अर्थिंग मेमध्ये नापास व्हायचं कारण हेच. तपासणी शक्यतो उन्हाळ्यातच करा. दुसरी अडचण खोलीची. काळ्या मातीखाली थोड्याच खोलीवर मुरूम आणि मग दख्खनचा काळा पाषाण लागतो, आणि खणणारा तिथेच थांबून पाइप कापून टाकतो.

आयएस ३०४३ या भारतीय मानकाप्रमाणे जीआय पाइप किमान अडीच मीटर लांब आणि ३८ मिलिमीटर आतल्या व्यासाचा हवा. बाजारात ४० चा मिळतो. भोवती कोळसा आणि मीठ थराथराने, वर फनेल आणि झाकण, इमारतीपासून दीड मीटर तरी लांब. पाषाण लागला तर दोन पाइप रोवून जोडा, पण त्यांच्यात किमान एका पाइपच्या लांबीइतकं अंतर ठेवा. शेजारी-शेजारी रोवलेले दोन पाइप जवळपास एकाचंच काम करतात. मीठ पाइप खातं, म्हणून वरचा क्लॅम्प आणि नट-बोल्ट दरवर्षी पाहावे. उन्हाळ्यात आठवड्याला एक-दोन बादल्या पाणी.

रोध अर्थ टेस्टरने मोजतात, दोन खुंट्या जमिनीत ठोकून. घरगुती खड्ड्याला ५ ओहमच्या आत आला तर चांगला. पण यात एक हिशेब बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. ५ ओहमच्या खड्ड्यातून पूर्ण फेज वाहिली तरी करंट २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर. १६ अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी तत्काळ पडायला १६० अँपिअर लागू शकतात. म्हणजे चांगल्या खड्ड्यावरही एमसीबी बराच वेळ जागचा हलणार नाही आणि तेवढा वेळ पत्रा जिवंत राहील. म्हणून खड्डा आणि आरसीसीबी दोन्ही हवेत. एक असला की दुसरा नको, असं नाही.

बल्ब-होल्डरची टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थिंगमध्ये लावून पाहायची पद्धत जुनी आहे. खड्डा खराब असेल तर त्या क्षणी घरातल्या सगळ्या उपकरणांचे पत्रे जिवंत होतात. ते वायरमनलाच करू द्या, आणि तेव्हा कुणी कशाला हात लावू नये.

आरसीसीबीचं 'टी' बटण दाबलं की तो पडतो. मग अर्थिंग ठीक आहे ना?

बटणाचा अर्थिंगशी संबंधच नाही. ते आतल्या आत, एका रोधातून करंटचा असमतोल करतं. अर्थिंगची तार मुळात नसली तरी बटणाने तो पडेल. तीन महिन्यांतून एकदा दाबत राहा, त्यातून यंत्र जाम नाही एवढं कळतं.

सॉकेटवर चाचणी घ्यायला आरसीसीबी बटण असलेला प्लग-टेस्टर लागतो. तो फेजमधून अर्थिंगमध्ये खराच थोडा करंट सोडतो. डीबीवरच्या बटणाने पडतो आणि सॉकेटवरच्या टेस्टरने पडत नाही, असं झालं तर पहिला संशय त्या सॉकेटच्या अर्थिंगवर. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ ते ३० च्या मध्ये पडायला हवा, आणि पूर्ण ३० ला ३०० मिलिसेकंदांच्या आत. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचा बसवला असेल तर तो आगीपासून वाचवायला आहे, माणसासाठी नाही. डीबी उघडून आकडा वाचा.

पावसाळ्यात आरसीसीबी सारखा पडतो. काढून टाकू का?

तो पडतोय म्हणजे कुठेतरी करंटची गळती आहे. आरसीसीबीखालचे सगळे एमसीबी पाडा, आरसीसीबी चढवा आणि एकेक एमसीबी वर करत जा. ज्यावर पडेल ती लाइन दोषी. त्या लाइनवरचे सगळे प्लग काढून पुन्हा पाहा. आता टिकला तर दोष उपकरणात, बहुधा गीझरच्या कॉइलमध्ये किंवा मोटरमध्ये. तरीही पडला तर भिंतीत. गच्चीवरचा दिवा, बाहेरचा बेलचा पॉईंट आणि ओल धरलेल्या भिंतीतले जंक्शन आधी उघडा. तार तपासायची तर मेन बंद, सगळी उपकरणं आणि एलईडी दिवे काढलेले, आणि ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरने, रोध किमान १ मेगओहम. न्यूट्रल आणि अर्थिंगचा जोड असेल तर एमसीबी पाडूनही आरसीसीबी टिकत नाही, कारण साधा एमसीबी न्यूट्रल तोडत नाही. तेव्हा डीबीतल्या न्यूट्रल पट्टीवरून तारा एकेक सोडून पाहाव्या लागतात.

सॉकेट काळं पडलंय, प्लग ढिला बसतो. बदलायचं कसं?

काम वायरमनच करेल, पण क्रम तुम्हालाही माहीत हवा. आधी वीज. मेन बंद केला म्हणजे झालं असं इन्व्हर्टर असलेल्या घरात समजू नका; त्याच्यावरचे पॉईंट चालूच असतात. इन्व्हर्टरचं बटण बंद करून आउटपुटही काढा. मग टेस्टर आधी एखाद्या जिवंत पॉईंटवर तपासा, मग या सॉकेटवर, पुन्हा जिवंत पॉईंटवर. टेस्टर स्वतःच मेलेला असण्याचे अपघात कमी नाहीत. जिवंत पॉईंट दुसरा नसेल तर मेन पाडायच्या आधी आणि चढवल्यानंतर तपासा.

प्लेट काढून तारांचा फोटो घ्या. सॉकेट ओढून बाहेर घेतलं की तारांचं इन्सुलेशन पाहा. काळं किंवा कडक झालेलं असेल तर तांबं चकचकीत दिसेपर्यंत मागे कापा. हा भाग गाळला तर नवं सॉकेट सहा महिन्यांत पुन्हा काळं पडतं, कारण जळालेल्या तांब्यावर पेच नीट धरत नाही. तार आखूड पडली तर ताणून बसवू नका, पोर्सिलेनच्या कनेक्टरने तुकडा जोडा. इन्सुलेशन ८ ते १० मिलिमीटर सोला. तार बारीक असेल तर टोक दुमडून दुहेरी करा. एकाही धाग्याने पेचाबाहेर डोकावता कामा नये. पेच आवळल्यावर प्रत्येक तार बोटाने ओढून पाहा, मग पेच पुन्हा अर्धा फेरा आवळा. तांबं दबतं आणि पहिला आवळा थोडा सैल होतो.

एका पेचाखाली तीन तारा कोंबल्या असतील तर तीच आजाराची जागा. लूपिंगची तार कनेक्टरवर वेगळी करा. जुन्या घरात ॲल्युमिनियमची तार निघाली तर तिला तांब्याबरोबर पिळून टेप गुंडाळू नका. दोन धातूंचा जोड ओलीत गंजतो आणि तापतो. ती लाइन बदलणं हाच इलाज.

सॉकेटवर आयएसआय चिन्ह आणि आयएस १२९३, तारेवर आयएस ६९४ असायला हवं. महाराणी रोडवर सगळं मिळतं, नकलीही मिळतं. वजनाला हलकं आणि पत्त्या पिवळ्या पितळेऐवजी मुलामा दिलेल्या लोखंडाच्या वाटल्या तर चुंबक लावून पाहा.

इंडक्शन शेगडी ६ अँपिअरच्या सॉकेटवर कन्व्हर्टरने चालते. त्यालाही नापास केलंय.

बरोबर केलंय. २००० वॉट म्हणजे ८.७ अँपिअर, आणि सॉकेट ६ चं. कन्व्हर्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, तारेची जाडी नाही. यावर एमसीबी पडत असेल म्हणून कुणी १० चा काढून ३२ चा बसवला असेल, तर तो आजच बदला. दीडच्या तारेला १०, अडीचच्या तारेला १६, चारच्या तारेला २० किंवा २५. एमसीबी तारेकडे बघून ठरतो, उपकरणाकडे बघून नाही.

खर्च कुणी करायचा: विकणाऱ्याने, बिल्डरने की वीज कंपनीने?

मीटरपर्यंत कंपनी, मीटरनंतर घरमालक. व्होल्टेज वर-खाली होत असेल किंवा खांबावरचा न्यूट्रल सुटल्याचा संशय असेल तर १९१२ वर तक्रार करा. सॉकेटासाठी तिथून कुणी येणार नाही.

नव्या फ्लॅटमध्ये बाजू भक्कम आहे. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून ५ वर्षांच्या आत कामाच्या दर्जातला दोष कळवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. तोंडी सांगू नका. खोली, भिंत, पॉईंट आणि तिन्ही मापं लिहून ई-मेल करा, फोटो जोडा. 'हॉल, टीव्हीची भिंत, उजवं सॉकेट: २३१, ८४, १४७' अशी एक ओळ पानभर तक्रारीपेक्षा जास्त काम करते.

जुन्या घराच्या व्यवहारात हे कलम मदतीला येत नाही. तिथे दुरुस्ती रजिस्ट्रीआधी करून घ्या किंवा तेवढी रक्कम करारपत्रात लिहून वजा करा. दुरुस्ती झाल्यावर परवानाधारक वायरमनची सही असलेला कागद मागा, आणि त्यात नुसतं 'ठीक केलं' नको: कोणत्या बोर्डला कोणत्या जाडीची हिरवी तार ओढली, खड्ड्याचा रोध किती आला, आरसीसीबी किती मिलिअँपिअरचा.

यातलं घरच्या घरी काय करावं?

प्लग-टेस्टर लावणं, मीटरची तीन मापं घेणं, सॉकेट गरम होतंय का पाहणं, 'टी' बटण दाबणं, खड्ड्याला पाणी घालणं. बोर्ड उघडण्याचं काम परवानाधारक वायरमनला द्या. तो काम करून निघण्याआधी सगळ्या सॉकेटांची तिन्ही मापं त्याच्यासमोर पुन्हा घ्या, फक्त नापास झालेल्यांची नाही. लूपिंगमध्ये एक तार हलवली की पुढचा पॉईंट सुटतो, आणि तो कळतो वायरमन गेल्यावर.